आमच्या गाडीचा चौथा गिअर कुठं जायचा

हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पायजे, न्हायतर मला जेवण जायचं न्हाय. आई दोनदा येऊन गेली, ताट वाढू का म्हणून. म्हटलं थांब गं, रस्सा गार होतोय तर होऊ दे, पहिलं हे लिहून काढते. कारण आमच्या गाडीचा चौथा गिअर सापडलाय, आणि तो जिथं सापडलाय ते ऐकून तुम्ही हसणार हाय, हे मी आधीच सांगून ठेवते.

पण असं एकदम म्हटलं तर कुणालाच काय कळायचं न्हाय. पहिल्यापासनं सांगते.

गाडी पप्पांची. अठरा वर्षं जुनी, चंदेरी, ऑटोमॅटिक. पप्पा गारगोटीला हायस्कुलात गणित शिकवतात. घर कोल्हापुरात, शाळा तिकडं, रोजचं जाणं-येणं. सहा वर्षांपूर्वी ते स्कूटरवरनं पडले आणि डाव्या पायाचा घोटा असा मोडला की डॉक्टरांनी आत पट्टी घालून तो कायमचा बसवूनच टाकला. चालता येतं, जरा लंगडत. पण पाऊल खालीवर वाकत न्हाय. म्हणजे क्लच दाबणं बंद, म्हणजे साधी गाडी बंद.

मग तीन महिने एसटीनं गेले. एसटीची पायरी किती उंच असते ते धडधाकट माणसाला कधी कळत न्हाय. एकदा स्टँडवर गर्दीत त्यांचा पाय सटकला, गुडघ्यावर पडले आणि त्यांच्याच वर्गातल्या पोरांनी उचलून बसवलं. घरी येऊन हसत सांगितलं त्यांनी, पण त्याच आठवड्यात मुदतीआधी निवृत्ती मागायचा अर्ज लिहिला. फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय ज्या माणसाला सकाळ झाल्यासारखी वाटत न्हाय, त्या माणसानं. तेवढ्यात ही गाडी मिळाली आणि अर्ज कपाटात गेला.

ऑटोमॅटिक ज्यांनी चालवली न्हाय त्यांच्यासाठी दोन ओळी. क्लच नसतोय. ब्रेक आणि रेस, दोनच पायडल, दोन्ही उजव्या पायानं. मधे एक दांडा असतोय, गाडी उभी करताना तो 'पार्किंग'वर न्यायचा, चालवताना 'डी'वर ठेवायचा आणि रेस द्यायची, गिअर गाडी आपला आपण टाकत्या. आमच्या गाडीला गिअर चार, म्हणजे बदल तीन. दर बदलाला इंजिनाचा आवाज एकदा खाली बसतोय, माणूस बोलता बोलता श्वास घेतंय तसा. तीन श्वास झाले की चौथा गिअर पडला, गाडी निवांत.

दोन महिन्यांपूर्वी तिसरा श्वास गायब व्हायला लागला.

म्हणजे कसं, चांगली साठवर चाललेली असायची, आवाज शांत, आणि मधेच ग्वांऽऽ करून इंजिन ओरडायला लागायचं. कुणी पाठीमागनं धरून ओढल्यासारखा गचका. इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा काटा दोनवरनं एकदम तीनच्या वर. मग रेस द्या न्हायतर सोडा, चौथा पडायचाच न्हाय. कडेला घ्यायची, बंद करायची, पाच मिनिटं गार होऊ द्यायची. परत चालू केली की ठणठणीत! चौथा हजर. आणि पुढं कुठंतरी जाऊन परत फरार.

आमचा नेहमीचा मिस्त्री उद्यमनगरात. पांढऱ्या मिशा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकणार आणि काय झालंय ते सांगणार, आणि ते बरोबर निघणार. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात फडक्याला पुसले.

"सर, साधा गिअरबॉक्स असता तर आज खोलून उद्या बसवून दिला असता. ह्यो बंद डबा हाय. उघडला आणि बसवताना एखादी गोटी उरली, तर ती मी कुणाच्या पदरात घालू?"

"मग करायचं काय?" पप्पा.

"पुण्याला न्या. न्हायतर चालत्या तवर चालवा."

दुसरा मिस्त्री तरुण, दुकान चकाचक. त्यानं एक चक्कर मारली आणि उतरायच्या आधीच निकाल दिला. "बसला गिअरबॉक्स. आतल्या क्लच प्लेटा जळाल्या, तापलं की घसरत्यात. दुसऱ्या गाडीचा काढीव टाकावा लागंल."

मी म्हटलं, "आणि तो काढीव नीट असंल कशावरनं?"

"कशावरनंच न्हाय ताई."

तेवढा प्रामाणिक तरी होता.

मग आले काका. काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, दुसऱ्यांच्या जुन्या वस्तू विकून देणं हा त्यांचा आवडता उद्योग. "दादा, मोटार हाय का म्हातारी सासू? किती जपायची? एक गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. जशी हाय तशी नेतंय. रविवारी सकाळी घेऊन येतो." पप्पांनी नुसती मान हलवली. दुसरी ऑटोमॅटिक घ्यायची आत्ता घरात सोय न्हाय, माझं शेवटचं वर्ष चालू हाय, हे काकांना पण माहीत होतं, आम्हाला पण. गुरुवारी दुपारी मी कपाटात माझा दाखला शोधत होते, तर तो अर्ज हाताला लागला. तारीख खोडून या महिन्याची घातलेली. ताजी शाई.

माझं डोकंच सटकलं. पण कुणावर सटकलं बघा, पप्पांवरच! झालं होतं असं की मी दोन दिवस मोबाईलवर जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल दिसंल ते वाचत होते. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडली तर गिअरबॉक्सच्या आतलं तेल नीट फिरत न्हाय आणि प्लेटा खराब होतात. आणि आमचे पप्पा दर रविवारी जोतिबाला जातात, आणि येताना अख्खा घाट न्यूट्रलवर उतरवतात. वर आणि सांगतात पण, "एक थेंब पेट्रोल न्हाय लागलं." मला वाटलं, सापडला चोर. जेवताना बोलून गेले, "पप्पा, गिअरबॉक्स गेला न्हाय. तुम्ही घालवला."

पप्पा म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं. आणि ताटातली भाकरी संपवून उठले.

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "जीभ हाय का कोयता?"

शुक्रवारी मी कॉलेजला दांडी मारली आणि पप्पांच्या शेजारी जाऊन बसले. मांडीवर वही. पप्पांनी विचारलं, "तू कुठं?" म्हटलं, "गारगोटीला. गाडी काय करत्या ते लिहून घ्यायला." पप्पांनी आरसा नीट केला. "लिही. माझ्यावरचा आरोप पण लिही पहिल्या पानावर." म्हणजे लागलं होतं. मी गप्प बसले, पण उत्सुकता काय गप्प बसंना. खरं सांगते, वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त मला ते गिअरचं कोडं चावत होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सला हाय. आमच्या सरांचं एकच म्हणणं असतंय, बिघाड कधी होतोय ते आधी बघा, का होतोय ते मागनं येतंय.

पहिली गोष्ट तेल. गाडीबरोबर आलेलं जुनं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, पानं चिकटलेली. त्यात लिहिलं होतं की गिअरबॉक्सचं तेल गाडी तापलेली असताना, इंजिन चालू ठेवून बघायचं. आणि आमच्या मिस्त्रीनं ते गार गाडीत, इंजिन बंद करून बघितलं होतं, इंजिनाचं तेल बघतात तसं! मग शाळेच्या पटांगणात, गाडी लावल्या लावल्या, इंजिन चालू ठेवून मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, परत बुडवून काढली. पातळी बरोबर दोन खुणांच्या मधे. पांढऱ्या रुमालावर थेंब टाकला. लालभडक. वास घेतला. जळका वास न्हाय.

शाळेचे शिपाईमामा येऊन उभे. "काय ओ सर, मोटारीचं रक्त तपासताय व्हय?"

"व्हय, मोटारीचंच," पप्पा म्हणाले. "पोरगी डॉक्टर झाल्या."

"मग काय निघालं?"

"रक्त चांगलं हाय," मी म्हटलं. आणि हे मोठं होतं, कारण प्लेटा जळाल्या असत्या तर तेल काळपट झालं असतं, करपल्यासारखा वास आला असता. दुसऱ्या मिस्त्रीचा निकाल डळमळला. आणि, अं, माझा पण. न्यूट्रलनं काय जळलेलं दिसत न्हवतं. मी ते लगेच कबूल करायला पायजे होतं. केलं न्हाय. रुमाल घडी करून खिशात ठेवला.

शुक्रवारी येताना तीनदा चौथा गेला. शनिवारी जाताना एकदा. दर वेळी मी लिहिलं: किती मिनिटं चालली, तापमानाचा काटा कुठं, चढ का उतार, कुठलं गाव. सगळे म्हणत होते तापली की करते. आणि शनिवारी सकाळी घरातनं निघाल्यावर पाचच मिनिटात गेला की! गाडी अजून गार! तापण्याचा काय संबंधच न्हाय. मी वहीत मागं बघितलं. एक पुलाचा सांधा. एक खणून परत भरलेला रस्ता. एक स्पीडब्रेकर. आणि आजचा, आमच्याच कॉलनीच्या तोंडाचा खड्डा.

"पप्पा! तापल्यावर न्हाय, आदळल्यावर जातोय!"

पप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या पोराकडं बघतात तसं बघितलं. "पण मग बंद करून चालू केली की बरी कशी होते? आदळून काय सुटलं असंल तर ते बंद-चालू करून बसतंय का परत?"

हा प्रश्न मला पडलाच न्हवता. शनिवारची पप्पांची शाळा अर्धी, तेवढा वेळ मी बाहेर गाडीत बसून ह्याच एका प्रश्नाला चावत होते.

दुपारी परत निघालो. इस्पुर्लीच्या अलीकडं एक खड्डा लागला, ग्वांऽऽ, चौथा गेला. मी म्हटलं, "कडेला घ्या. मी चालवते. आता प्रयोग." जागा बदलल्या.

पहिला प्रयोग. दांडा पार्किंगवर न नेता नुसता न्यूट्रलला सरकवला, गाडी बंद केली, पाच मिनिटं थांबलो, चालू केली, परत 'डी', निघालो. बंद पण केली, गार पण केली. तरी चौथा न्हाय! गाडी तिसऱ्यातच बोंबलत चालली.

"आयला," पप्पा म्हणाले. गणिताचे सर आयला म्हणाले.

दुसरा. थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, दांडा पार्किंगवर नेला, परत 'डी'. निघालो. न्हाय. मी हिरमुसले.

"सरक," पप्पा म्हणाले. "मला करू दे." ते बसले. इंजिन चालूच. दांडा पार्किंगवर, परत 'डी'. निघाले. एक. दोन. आणि तीन! आवाज मऊ खाली बसला. चौथा पडला.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो. इंजिन बंदच केलं न्हवतं. मी केलं ते आणि पप्पांनी केलं ते अगदी सारखं. माझ्या हातानं न्हाय आणि त्यांच्या हातानं झालं!

"पप्पा, तुमच्या हातात काय हाय?"

"खडू," ते म्हणाले. आणि हसले. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

"थांबवा. परत करा. हळू करा. मी हात बघते."

त्यांनी परत दांडा धरला आणि मला दिसलं. मी दांडा वरनं धरते, बोटांच्या टोकांनी, कपाची कड धरल्यासारखा. पप्पा धरतात मुठीत, खवणीची मूठ धरल्यासारखा, आणि सगळा जोर अंगठ्याचा. तो अंगठा दांड्याच्या बाजूला जिथं टेकत होता, तिथं नखाएवढं एक बटण होतं. पार्किंगला नेताना दरवेळी ते दाबलं जात होतं. त्यांना पत्ताच न्हवता.

"हे कसलं बटण?"

"असंल कायतरी. मी कधी लक्ष दिलं न्हाय."

मी त्यांचा हात बाजूला केला. बटणाच्या चारी कडा गुलाबी.

गुलाल! आता हे समजून घ्या. पप्पा दर रविवारी जोतिबाला गेले की वर गाडीसमोर नारळ फोडतात, नारळाच्या पाण्यात बोट बुडवून गुलाल कालवतात आणि स्टेअरिंगला एक बोट, दांड्याला एक बोट. त्याशिवाय गाडी खाली उतरत न्हाय. सहा वर्षांचे रविवार. नारळाचं पाणी म्हणजे साखरच की, वर गुलाल. त्याचा असा गोंद झाला होता की बटण आत दाबलं तरी नीट अडकून बसत न्हवतं. नुसतं चिकटून रहायचं. गाडी आदळली की हळूच बाहेर.

पुस्तक काढलं, चिकटलेली पानं सोडवली. सापडलं. बटण आत असलं तर गाडी चौथ्यापर्यंत जाणार. बाहेर आलं तर चौथा बंद, गाडी तिसऱ्यातच रहाणार. घाट चढायला, ओव्हरटेक करायला म्हणून मुद्दाम दिलेली सोय! म्हणजे गिअरबॉक्स बिचारा सांगितलेलं ऐकत होता. तीन म्हटलं, तीनवर राहिला. आणि खाली आणखी एक ओळ: बटण बाहेर असताना मीटरवर पिवळा दिवा लागतो.

"पप्पा, दिवा लागायला पायजे. इथं चित्र हाय बघा, मीटरच्या डाव्या कोपऱ्यात, खाली."

आम्ही दोघांनी मीटर बघितलं. डाव्या कोपऱ्यात, खाली, जोतिबाचं स्टिकर होतं. घोड्यावरचं.

"हे कुणी लावलं?"

पप्पा बोटानं स्टेअरिंगवरचा गुलाल पुसायला लागले.

"आवो पप्पा, कुणी लावलं?"

"मीच," ते म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी. तिथं एक दिवा मधनंमधनं पेटायचा. डोळ्यात जायचा सारखा. पिवळा. म्हटलं नुसती चिकटपट्टी लावण्यापेक्षा देवालाच बसवू."

मी बटण बाहेर काढलं आणि स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली पिवळा उजेड. अक्षरं स्पष्ट. चौथा बंद हाय, चौथा बंद हाय, असं गाडी दोन महिने सांगत होती, आणि आम्ही तिच्या तोंडावर देव चिकटवून तिला मिस्त्रीकडं नेत होतो. मी एवढी हसले, एवढी हसले की माझ्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं. पप्पा आधी ओशाळले, मग ते पण. रस्त्यानं एक दूधवाला चालला होता, तो थांबून विचारतोय, "पावणं, काय झालं ओ? बंद पडल्या व्हय?" पप्पा म्हणाले, "न्हाय, चालू झाल्या!"

घरी आल्यावर दात घासायचा जुना ब्रश, कान साफ करायच्या काड्या, आणि माझ्या कॉलेजच्या पेटीतला सर्किटवर मारायचा फवारा. बटणाच्या फटीतनं गुलाबी पाणी निघत होतं, निघत होतं, थांबायचं नावच न्हाय. आई बघायला आली आणि म्हणाली, "होळी लवकर आली." शेवटी बटण दाबलं आणि आतनं आवाज आला: टक. किती गोड आवाज असतोय बघा, एखादी गोष्ट आपल्या जागेवर बसल्याचा.

मग आम्ही मुद्दाम गावातला सगळ्यात वाईट रस्ता शोधला. कोल्हापुरात शोधायला वेळ लागत न्हाय. एक खड्डा, दोन, चार. मी त्या बटणावर डोळे लावून बसलेली. जागचं हललं न्हाय. मग मोकळ्या रस्त्याला लागलो आणि पप्पा मोठ्यानं मोजायला लागले, वर्गात मोजतात तसं. "एक. दोन." मी श्वास धरलेला. "तीन." काटा दोनवर. शांत.

येताना मी म्हटलं, "पप्पा, गुरुवारी मी बोलले ते..."

"न्यूट्रलचं?"

"व्हय."

"ते मी करतो, हे खरंच हाय की. घाटात ब्रेकवर सगळा भार येतोय ते मला पण कळतंय. बंद करतो." त्यांनी एक खड्डा चुकवला. "पण पुढच्या वेळी आधी रुमाल दाखव, मग निकाल दे."

आणि आज सकाळी अकराला काका गिऱ्हाईक घेऊन हजर. आम्ही फोन करून सांगायचं विसरूनच गेलो होतो! गिऱ्हाईक म्हणजे गळ्यात मोबाईल अडकवलेले एक जाडजूड गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी गाडीला गोल चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि तोंड वाकडं केलं, घ्यायच्या आधी सगळे करतात तसं.

"गिअरबॉक्स गेलाय म्हणं?"

"न्हाय," पप्पा म्हणाले. "बसा. चक्कर मारून या."

काका पप्पांच्या कानाला लागले. "दादा, तू काय बोलतोयस? व्यवहार माझ्यावर सोड."

गृहस्थ चक्कर मारून आले ते तोंड सरळ करूनच आले. उतरले, बॉनेटवर हात फिरवला. "मस्त चालत्या ओ! मग ह्यांनी तर मला..." त्यांनी काकांकडं बघितलं. "बरं, ठरलेल्यापेक्षा वर देतो. आत्ता नेतो."

काकांचा चेहरा एकदम फुलला. आई दारात आली. मी पप्पांकडं बघत होते आणि मला खरंच माहीत न्हवतं ते काय म्हणणार हाईत. कारण दोन महिने त्यांनी मनात गाडी देऊन टाकलेली होती. एकदा मनातनं दिलेली वस्तू परत घेणं अवघड असतंय, त्यांना तर फारच.

पप्पा लंगडत गाडीपाशी गेले. किल्ली अजून त्या गृहस्थांच्या हातात होती. पप्पांनी हात पुढं केला.

"द्यायची न्हाय, पावणं. उद्या दहावीचा तास हाय माझा. चहा घेऊन जावा."

"आवो, पण आकडा तरी ऐका!" गृहस्थ म्हणाले.

"आकडे मी रोजच ऐकतोय," पप्पा म्हणाले. "शिक्षक हाय मी."

काका चहा पिऊन गेले, पण जाताना मला म्हणाले, "तुझ्यामुळं गिऱ्हाईक गेलं बघ माझं." मी म्हटलं, "काका, तुमचा मिक्सर बिघडलाय ना, आणा की घरी."

पप्पा आता आत बसून उद्याच्या तासाची गणितं काढायला लागलेत. वहीवर पेन चालतोय तो आवाज इथपर्यंत येतोय. आणि आई तिसऱ्यांदा आली, तिच्या हातात पळी हाय, म्हणजे आता मी थांबलेलं बरं.

पण एक राहिलंय. सगळं सुटलं असं मी म्हणणार न्हाय. सकाळी सकाळी गाडी पूर्ण गार असताना रिव्हर्सला टाकली की आमची गाडी दोन सेकंद नुसती उभी रहाते, विचार केल्यासारखी, मग एक हलका धक्का देऊन मागं जाते. दिवसभर परत काय न्हाय. तेल बरोबर, रंग बरोबर, वास बरोबर. मी वही काढून ठेवल्या, उद्यापासनं लिहायला सुरुवात करणार हाय. तुमच्यात कुणाकडं अशी जुनी ऑटोमॅटिक हाय का? ती पण अशी सकाळची थांबते का? आणि थांबत असंल, तर तुम्ही काय केलंत, सांगा की!